पिवळा, लाल, पांढरा, काळा: मिनिएचरवर नाकी नऊ आणणारे रंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तपकिरी, राखाडी, मळकट हिरवा हे रंग हाताला बसले आहेत. पण पिवळ्या चिलखताच्या दहा मिनिएचर सैनिकांवर, म्हणजे बोटभर उंचीच्या प्रतिकृतींवर, पाच-पाच हात मारूनही पट्टे दिसतात आणि कडांवर रंग टिकत नाही. लाल झग्याला हायलाइट (उजेडाची फिकी छटा) दिला की तो गुलाबी होतो. पांढरा खडू फासल्यासारखा दिसतो, आणि काळा तर नुसता प्राइमर (रंगाआधीचा पहिला थर) मारून सोडून दिल्यासारखा. शेवटी विचारलंय, ब्रश बदलू की रंगांची कंपनी?

दोन्ही नको, निदान इतक्यात नको. सोळा वर्षं मी हे बोटभर सैनिक रंगवते आहे आणि सुरुवातीची बरीच वर्षं माझीही हीच समजूत होती की पिवळा जमत नाही म्हणजे बाटली वाईट. त्या नादात माझ्याकडे अकरा पिवळ्या बाटल्या जमल्या. अकराच्या अकरा पट्टे मारायच्या.

अडचण दोन ठिकाणी असते. एक म्हणजे बाटलीतलं रंगद्रव्य खालचं झाकतं की नाही. दुसरी म्हणजे तो रंग मुळात किती उजळ किंवा गडद आहे, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या शिडीवर त्याची पायरी कोणती. पहिल्या अडचणीबद्दल सगळेच बोलतात. दुसरीबद्दल फारसं कोणी सांगत नाही, आणि हायलाइट-शेडचे, म्हणजे उजेड-सावलीचे, निम्मे घोटाळे तिच्यापायीच होतात.

झाकण्याचं आधी बघू. आपला रंग म्हणजे कणांना धरून ठेवणाऱ्या पारदर्शक ॲक्रिलिक बंधकात तरंगणारे रंगद्रव्याचे कण. कण आणि बंधक यांच्या अपवर्तनांकांत (प्रकाश किती वळतो त्याच्या मापात) जितका फरक जास्त, तितका प्रकाश कणांवर आपटून मागे फिरतो, खालपर्यंत पोचत नाही, आणि रंग झाकतो. बंधकाचा अपवर्तनांक साधारण १.५. पांढऱ्यातला टायटॅनियम डायऑक्साइड २.७ च्या आसपास, म्हणून तो कशालाही पुरून उरतो. गेरू, मातकट पिवळा, तपकिरी यांच्यात लोखंडाची ऑक्साइडं असतात, तीही चांगली झाकतात. भडक पिवळा, भडक लाल आणि जांभळा यांच्यातली बहुतेक द्रव्यं मात्र सेंद्रिय असतात. त्यांचा अपवर्तनांक बंधकाच्या बराच जवळचा, त्यामुळे प्रकाश त्यांच्यातून आरपार जातो आणि खाली जे असेल ते दाखवून परत येतो. तपकिरी तुम्हाला जमतो यात तुमच्या हाताचं कौतुक आहेच, पण थोडं श्रेय लोखंडालाही द्या.

आता शिडी. आल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकला शिक्षकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगांची जी मांडणी केली, तिच्यात उजळपणा ० ते १० असा मोजतात. ० म्हणजे काळा, १० म्हणजे पांढरा. त्या मापाने पिवळा सर्वांत भडक असतो आठव्या पायरीच्या आसपास, लाल चार-पाचवर, आणि निळा-जांभळा तीन-चारवर. म्हणजे शुद्ध पिवळा जवळजवळ छताला टेकलेला असतो. त्याच्यावर हायलाइट द्यायला जागाच उरत नाही, आणि सावलीसाठी खाली उतरवायला गेलं की तो पिवळा राहत नाही. जांभळ्याचं बरोबर उलटं. तुम्ही सगळ्या रंगांना एकच रेसिपी लावता आहात: मधोमध बेसकोट म्हणजे मूळ रंग, वर पांढरा मिसळून हायलाइट, खाली काळा मिसळून शेड. ही रेसिपी राखाडीला चालते, तपकिरीला चालते. बाकीच्यांना नाही.

पिवळा

पहिला नियम, काळ्या प्राइमरवर पिवळा नको. काळा प्राइमर आधीच मारून झाला असेल तर मध्ये दुसरा थर घ्या. तो थर कोणता, यावर पुढचं सगळं अवलंबून. माझी पसंती मातकट पिवळ्याला, म्हणजे लोह-ऑक्साइड असलेल्या रंगाला. कलावंतांच्या रंगांच्या बाटलीवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, तिथे पीवाय ४२ किंवा पीवाय ४३ दिसलं तर समजा काम झालं. त्यात चिमूटभर पांढरा घातला की दोन हातांत काळंसुद्धा झाकून जातं. फिका गुलाबी थरही उत्तम चालतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण गुलाबीवर पारदर्शक पिवळा बसला की उबदार, किंचित नारिंगीकडे झुकणारा पिवळा मिळतो, आणि पिवळ्याची ती हिरवट आजारी झाक येत नाही. पांढऱ्या थरावर लिंबासारखा थंड पिवळा मिळतो, पण पांढऱ्यावर प्रत्येक चूक उघडी पडते. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पट्टे का येतात ते नीट समजून घ्या, कारण तुमची मुख्य तक्रार ती आहे. पिवळा झाकत नाही म्हणून माणूस जाड हात मारतो. जाड रंग कडेला सुकायला लागतो, मधे ओलाच असतो. न झाकलेलं दिसतं म्हणून आपण पुन्हा त्यावरून ब्रश फिरवतो आणि अर्धवट सुकलेली साय ब्रशबरोबर सोलून येते. तिथे खालचा रंग उघडा पडतो, बाजूला उंचवटा तयार होतो, आणि पुढचे चार हात त्या उंचवट्याला आणखी ठळक करतात. म्हणजे पट्टे पाचव्या हाताने येत नाहीत, ते पहिल्याच हाताला आलेले असतात.

एक खांदा मी कसा रंगवते ते सांगते, ३२ मिलिमीटरच्या सैनिकाचा, गोलसर, सपाट पत्र्याचा. मातकट पिवळ्याचे दोन पातळ हात देऊन तो अर्धा तास बाजूला ठेवलेला आहे. वेट पॅलेटवर (रंग ओला ठेवणाऱ्या ताटलीवर) भडक पिवळ्याचा एक थेंब, त्यात पाणी आणि मॅट मीडियम (बिनरंगाचा, न चमकणारा बंधक) निम्मं-निम्मं मिळून साधारण रंगाइतकंच. ब्रश एक नंबरचा, टोक असलेला, पोटात रंग धरणारा. ब्रश भरून घेतला की टिश्यूवर एकदा टेकवते. ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग खाचेत डबकं साचतं. टेकवल्यानंतर नखावर एक रेघ ओढून बघते. रेघ जागेवर राहिली आणि तिच्यातून नख अंधुक दिसलं तर रंग बरोबर. पसरली तर ओलं जास्त आहे, पुन्हा टिश्यू. मग खांद्याच्या खालच्या कडेपासून वर, जिथे उजेड पडतो तिकडे, ब्रश एकाच दिशेने ओढायचा. ब्रश जिथे उचलता तिथे सर्वांत जास्त रंगद्रव्य साचतं, म्हणून उचलायची जागा कायम उजेडाची. एकदा ओढलेल्या जागी परत जायचं नाही. कितीही हात शिवशिवले तरी. पहिल्या हातानंतर फरक जेमतेम जाणवतो. तिसऱ्यानंतर खांद्याचा माथा पिवळा आणि खालचा भाग मातकट, मधे कुठेही सीमारेषा नाही. म्हणजे शेड वेगळी द्यावी लागलीच नाही, ती आधीपासून खाली होती.

इथे शिडीचा हिशेब लागतो. भडक पिवळा आपण बेसकोट म्हणून वापरलाच नाही, तो हायलाइट म्हणून वापरला. मधला रंग मुद्दाम एक-दोन पायऱ्या खाली ठेवला, त्यामुळे वर जायला जागा मिळाली. अगदी वरच्या कडेला हस्तिदंती रंगात थोडा पिवळा मिसळून एक बारीक रेघ, आणि कोपऱ्यावर जवळजवळ पांढरा ठिपका. लांबून पाहणाऱ्याला आख्खा सैनिक भडक पिवळा वाटतो, प्रत्यक्षात शुद्ध पिवळा त्याच्या अंगावर एक तृतीयांशसुद्धा नसतो.

सावलीसाठी काळा नकोच. पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी हिरवा होतो. गडद पिवळा डोळ्याला हिरवटच दिसतो, आणि कार्बनच्या काळ्यात निळसर झाक असते ती त्यात भर घालते. तांबूस तपकिरी घ्या. सर्वांत खोल खाचांत त्यातच थोडा जांभळा. चिलखताच्या पत्र्यांमधल्या फटींतही काळी रेघ न ओढता हाच तांबूस तपकिरी, पातळ करून, ब्रशचं नुसतं टोक टेकवून सोडायचा. तो फटीतून आपोआप धावतो. आख्ख्या चिलखतावर वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंग, ओतू नका. सपाट पत्र्यावर तो सुकताना भिंतीवरच्या ओलीसारखी कड सोडतो आणि पिवळ्यावर ती कड लपवायला पुन्हा तीन हात लागतात.

कॉन्ट्रास्ट प्रकारचे पातळ, पारदर्शक रंग, सिटाडेल या रंगांच्या ब्रँडने २०१९ मध्ये बाजारात आणले आणि मग इतरांनीही काढले ते, पिवळ्यासाठी वापरू का असं विचाराल. केस, पिसं, चुण्यांचा कपडा असेल तर जरूर. सपाट चिलखतावर नको. पारदर्शक रंगाला साचायला खाच लागते, खाच नसली तर तो वाटेल तिथे साचतो.

लाल

लालचं दुखणं वेगळं. तो पिवळ्याइतका विरळ नाही आणि त्याची पायरी मध्यावर आहे, म्हणजे खाली जागा आहे, वरही आहे. पण वर जाताना तो लाल राहत नाही. पांढरा मिसळा, गुलाबी होतो. पिवळा मिसळा, नारिंगी होतो. शिडीच्या सातव्या पायरीवर "लाल" नावाचा रंगच नाही, त्याला तुम्ही-मी काय करणार!

यावर दोन उपाय आहेत. सोपा असा की हायलाइट लहान ठेवायचे आणि नारिंगीकडे न्यायचे, अगदी शेवटच्या ठिपक्याला फिकट त्वचेचा रंग. नारिंगी झालं तरी डोळा त्याला उबदार उजेडातला लालच समजतो. गुलाबीला मात्र समजत नाही, कारण गुलाबीत भडकपणा उतरलेला असतो.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, आणि तुमच्या झग्यावर तोच करून पाहा. हायलाइट मुद्दाम अति करायचे. झग्याच्या चुणीच्या माथ्यावर नारिंगी, त्यावर फिकट नारिंगी, हवं तर जवळजवळ त्वचेच्या रंगापर्यंत. या टप्प्यावर झगा भयाण दिसतो. घाबरू नका. पूर्ण सुकला की शुद्ध लाल घ्या, एक भाग रंगाला पाच-सहा भाग पाणी-मीडियम, ब्रश टिश्यूवर चांगला टिपून घ्या, आणि सगळ्या चुणीवरून पातळ पडदा ओढा. सुकू द्या, पुन्हा ओढा. दोन-तीन पडद्यांनंतर नारिंगी पट्ट्यांच्या कडा विरघळतात आणि खालचा उजेड लाल काचेतून आल्यासारखा बाहेर येतो. लाल झाकत नाही म्हणून आपण रडत होतो, तोच त्याचा दोष इथे गुण होतो. पारदर्शक रंगाला झाकायला लावू नका, त्याला चष्म्यासारखा वापरा. ग्लेझिंग म्हणतात ते एवढंच.

लालची सावली मात्र गार हवी. लालमध्ये नुसता काळा घातला की मेलेला तपकिरी मिळतो. गडद निळसर हिरवा थेंबभर घालून पाहा. फ्थॅलो हिरवा, म्हणजे असाच एक निळसर हिरवा, आणि किरमिजी लाल मिळून इतका खोल, जिवंत काळा होतो की बाटलीतला काळा त्याच्यापुढे धुरकट वाटेल. फ्थॅलो जपून, तो फार जोरकस असतो. ब्रशच्या टोकावर येईल तेवढाच.

दिव्याचंही बोलायला हवं. लाल रंगवताना दिवा खोटं बोलू शकतो. दिव्याच्या खोक्यावर जो सीआरआय आकडा (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) असतो तो आठ फिक्या नमुना-रंगांच्या सरासरीवरून काढतात, आणि भडक लाल त्या आठांत नाही. त्याचं माप वेगळं, आर९ नावाचं. म्हणून ८० सीआरआयच्या दिव्याखाली सगळं ठीक दिसतं, फक्त लाल मळकट दिसतो, आणि आपण त्याला उगाच भडक करत बसतो. ९० च्या वरचा, आर९ चांगला असलेला दिवा घ्या. खर्च करायचाच असेल तर आधी इथे करा.

आणि फोनचा एक उपयोग सांगते. रंगवता रंगवता मिनिएचरचा फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहा. लाल झगा रंगीत फोटोत झगमगत असतो, कृष्णधवलमध्ये कित्येकदा नुसता सपाट राखाडी गोळा निघतो. भडकपणाला आपण उजेड समजून बसलेलो असतो. पिवळ्यातही हेच होतं, फक्त तो गोळा फिका असतो.

पांढरा

पांढरा खडूसारखा होतो याची कारणं तीन, आणि ती बहुधा एकत्रच येतात. बाटली नीट हलवलेली नसते. टायटॅनियमचे कण जड असतात, तळाशी बसतात, वर पाणचट बंधक राहतं. मग रंग पातळ करायला आपण नुसतं पाणी घालतो, भरपूर. बंधक विरळ झाला की कणांना धरून ठेवायला काही उरत नाही, ते खाचांत वाहून जातात आणि उंचवट्यावर रवाळ साल राहते. तिसरं म्हणजे पांढरा ब्रशवर लवकर सुकतो. अर्धसुकी गुठळी टोकावर घेऊन आपण मिनिएचरवर टेकवतो आणि ती जिथे बसते तिथे कायमची बसते. म्हणून पांढऱ्यासाठी पाण्यापेक्षा मीडियम जास्त, दर दोन मिनिटांनी ब्रश धुणं, आणि वेट पॅलेटवरही थेंब लहानच. पांढरी ॲक्रिलिक शाई मिळाली तर ती रंगात मिसळा, कण बारीक असल्याने ती फार गुळगुळीत बसते.

पण खरी चूक याच्या आधीची. पांढरा कपडा रंगवायचा म्हणून आपण पांढरा घेतो. पांढरा शिडीच्या टोकावर आहे, तिथून पुढे रस्ता नाही. कपडा रंगवायचा फिक्या राखाडीने किंवा हस्तिदंती रंगाने, आणि पांढरा राखून ठेवायचा अगदी माथ्यापुरता, दहाव्या हिश्शाइतका. तो राखाडी उबदार की गार हे आधी ठरवा. थोडा तपकिरी घातला तर जुनं लिनन, थोडा निळा घातला तर बर्फ किंवा पॉलिश केलेला पत्रा. एकाच झग्यावर दोन्ही नकोत. नवख्यांच्या पांढऱ्यात मला नेमकं हेच दिसतं: बेस उबदार, वॉश निळसर, आणि मग सगळं मळल्यासारखं.

शेजारच्या रंगांनाही कामाला लावा. मिशेल शेव्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गोबलँ इथल्या गालिचे-पडद्यांच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. विणकरांची तक्रार होती की तुमचा काळा फिका पडतो. शेव्रल यांनी तपासलं तर काळ्यात काही खोट नव्हती, खोट शेजारच्या धाग्यांच्या रंगांत होती. निळ्या-जांभळ्याला लागून असलेला काळा डोळ्याला मरगळलेला दिसत होता. त्यावर त्यांनी १८३९ मध्ये आख्खा ग्रंथ लिहिला. आपल्या कामाचा अर्थ असा की झगा पांढरा वाटत नसेल तर झग्यावर आणखी पांढरा फासण्यापूर्वी शेजारचा पट्टा, बूट, म्यान गडद करून पाहा. मी एकदा मध्यम राखाडीवर थांबलेला झगा नुसता गडद तपकिरी पट्टा देऊन पांढरा केला आहे.

काळा

काळ्याचं गणित पांढऱ्याचं उलटं, पण त्यात एक गोष्ट जास्तीची आहे: काळा हा रंग नसून वस्तू आहे असं समजून रंगवावा लागतो. काळं कापड, काळं चामडं, काळं लाखेचं चिलखत, तिघांचा काळा बाटलीत एकच, फरक फक्त चमकेचा. कापडाचा हायलाइट रुंद, मऊ आणि कमी उजळ, शिडीच्या चौथ्या पायरीच्या वर नाहीच. चिलखताचा हायलाइट अगदी बारीक, पण जवळजवळ पांढरा, आणि त्याच्या शेजारी लगेच गडद. चामडं दोघांच्या मधे, आणि त्यावर आडव्यातिडव्या बारीक खुणा. प्रत्येक कडेवर सारख्या जाडीची राखाडी रेघ ओढलीत तर सैनिक न दिसता सैनिकाचा नकाशा दिसेल.

सुरुवात शुद्ध काळ्याने करू नका. कोळशासारखा गडद राखाडी घ्या, त्यात निळा, हिरवा किंवा तपकिरी यांपैकी एकाचा थेंब. शुद्ध काळा मग खाचांसाठी शिल्लक राहतो. हायलाइट करता करता हमखास हात सुटतो आणि काळा झगा राखाडी होऊन बसतो. तेव्हा पातळ काळ्याचा एक पडदा सगळ्यावरून ओढा, लाल झग्यावर ओढला तसा. लगेच ठिकाणावर येतो.

माझा सर्वांत मोठा अपघात काळ्यावरच झालेला आहे. काळ्या झग्यांची बारा जणांची तुकडी, तीन आठवड्यांचं काम, शेवटी मॅट व्हार्निशचा स्प्रे. हवेत दमट होतं, मला घाई होती. दहा मिनिटांनी पाहते तर बाराही झग्यांवर पांढरट धुकं. बाकीच्या रंगांवर ते फारसं जाणवत नव्हतं, काळ्यावर मात्र राखेत लोळवून काढल्यासारखं. रडू यायचंच बाकी होतं. ब्रशने ग्लॉस व्हार्निशचा पातळ हात दिला तेव्हा बहुतेकांवरचं धुकं गेलं, मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट. दोघांचे झगे मात्र नव्याने रंगवावे लागले. तेव्हापासून काळ्या मिनिएचरवर मी व्हार्निश ब्रशनेच देते, आणि स्प्रे असलाच तर आधी एका टाकाऊ तुकड्यावर. व्हार्निशशिवायही काळा मॅटपणाने फिका दिसतो हे लक्षात असू द्या. चिलखताचा काळा खोल हवा असेल तर त्यावर सॅटिन (किंचित चमकणारं) व्हार्निश द्या, कापडावर मॅट.

बाकीचे, भरभर

जांभळा आणि गडद निळा: पायरी खाली आहे, म्हणून सगळी जागा वर. पांढऱ्याने उजळाल तर खडबडीत लव्हेंडर होतो. जांभळा गुलाबी-किरमिजीकडे न्या किंवा फिक्या निळ्याकडे, दोन्हींकडे एकदम नको. सावलीची फारशी काळजी नको, शुद्ध जांभळा स्वतःच सावली आहे.

गडद त्वचा: काळा मिसळू नका. तांबूस तपकिरी बेस, त्यावर नारिंगीकडे झुकणारा तपकिरी, आणि कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड इथे लहान पण स्पष्ट चमक. फिक्या त्वचेपेक्षा इथे चमकेतला फरक जास्त ठेवावा लागतो, नाहीतर चेहरा सपाट होतो.

धातूचे रंग: यातले कण म्हणजे अभ्रकाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या सपाट चकत्या. त्यांचा ब्रश धुण्याचं पाणी वेगळं ठेवा, नाहीतर पुढच्या लाल झग्यात चांदी चमकते. चांदी काळ्यावर, सोनं तांबूस तपकिरीवर. मॅट व्हार्निशने धातू मरतो, तेवढ्या जागेवर नंतर ग्लॉस किंवा सॅटिनचा हात फिरवा. धातूचा रंग न वापरता धातू दाखवण्याचं तंत्र हा वेगळा विषय आहे, पण तुम्हाला चिलखताचा काळा जमला की त्याचं निम्मं आलंच समजा.

एक गोष्ट सगळ्यांना लागू. ओला ॲक्रिलिक रंग असतो त्यापेक्षा फिका दिसतो, कारण ओला बंधक पांढुरका असतो आणि सुकला की पारदर्शक होतो. म्हणजे ओल्यात जुळवलेली छटा सुकल्यावर गडद निघते. पॅलेटवर पाहून निर्णय घेऊ नका. प्राइमर मारलेला प्लास्टिकचा एक तुकडा शेजारी ठेवा, त्यावर ठिपका द्या, सुकू द्या, मग ठरवा.

ब्रशबद्दल विचारलंच आहे तर: तीन शून्यांचा, म्हणजे अगदी बारीक, ब्रश फेकू नका, पण पिवळ्यासाठी वापरूही नका. त्याच्या पोटात रंग मावत नाही आणि मिनिएचरपर्यंत पोचेतो टोक सुकतं. कोलिन्स्की या प्राण्याच्या केसांचा एक किंवा दोन नंबरचा, टोक शाबूत असलेला एकच ब्रश डोळ्यांच्या बाहुल्यांपासून झग्यापर्यंत सगळं करतो. रंगांची कंपनी बदलायची तर एकदम संच न घेता एखादी झाकणारी मातकट पिवळी आणि एक चांगली पांढरी, एवढ्या दोनच बाटल्या घ्या.

आता तुमचे ते दहा पिवळे सैनिक. पाच हातांखाली चिलखताचे रिव्हेट (खिळ्यांची डोकी) आणि पत्र्यांच्या फटी अजून स्पष्ट आहेत का पाहा. असतील तर रंग काढू नका. पट्ट्यांचे उंचवटे बारीक सॅंडिंग स्पंजने ओल्यात हलके घासा, धुवा, सुकवा, त्यावर मातकट पिवळ्याचे दोन हात, आणि पुढे वर सांगितलं तसं. रिव्हेट बुजले असतील तर रंग काढावाच लागेल. प्लास्टिकचे असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासा, खिडकी उघडी ठेवून आणि हातमोजे घालून. ॲसिटोन चुकूनही नको, त्यात प्लास्टिक विरघळतं. रेझिनचे असतील तर अल्कोहोलही आधी पायाच्या तळव्यावर तपासून मगच. दहाही एकदम हातात घेऊ नका. एक सैनिक शेवटपर्यंत करा, रात्रभर सुकू द्या, सकाळी खिडकीच्या उजेडात हातभर अंतरावरून बघा. पिवळा पटला तरच उरलेल्या नवांना हात लावा.